अंगणातलं शिकणं, वहीतलं शिकणं

‘असर’ सर्वेक्षणाचा वाचनाचा कागद अगदी साधा असतो. सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहानसा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट, एवढंच त्यावर छापलेलं असतं. हा कागद घेऊन गावात आलेले स्वयंसेवक शाळेत जाऊन बसत नाहीत, घरोघरी जातात. शाळेत त्या दिवशी हजर असलेलंच मूल भेटतं. घरी गेलं की गैरहजर राहिलेलं, शाळा सुटलेलं, खासगी शाळेत जाणारं, सगळीच मुलं भेटतात. ओट्यावर किंवा अंगणात मुलाच्या हातात कागद दिला जातो आणि त्याला काय वाचता येतं ते पाहिलं जातं. भोवती आई, आजी, शेजारपाजारची पोरं उभी असतात.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण ग्रामीण भारतात होत आलं आहे. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनानंतर, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आली. पाचवीत हे प्रमाण २०२४ मध्ये ४८.८ टक्के होतं. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नव्हती. या आकड्यांवरून शाळांना, शिक्षकांना, सरकारला धारेवर धरलं जातं आणि ते रास्तच आहे. पण ज्या अंगणात हा कागद वाचला जातो, त्या अंगणाबद्दल आपण फार कमी बोलतो.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास इथे आठवतो. आपल्या मुलाला वाचता येत नाही, हे तिथल्या अनेक पालकांना ठाऊकच नव्हतं. मूल रोज शाळेत जातं, वह्या भरतात, वरच्या वर्गात जातं, मग येतच असणार, असा त्यांचा समज होता. त्यांना नुसती माहिती देऊन आणि गावात सभा घेऊन फारसं काही हललं नाही. ज्या गावांत तिथल्याच तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले, तिथे येणाऱ्या मुलांच्या वाचनात मात्र स्पष्ट फरक पडला. शाळेच्या चार भिंतींबाहेर, साध्या माणसांच्या हातून मूल शिकू शकतं. प्रश्न एवढाच आहे, की त्या माणसांनी नेमकं करायचं काय?

दुसरी शाळा नको

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं रूढ आहेत. पहिलं उत्तर, शिकवणी लावा. ‘असर’नुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे भरून शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, ती २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाली. दुसरं उत्तर, घरीच शाळा भरवा. संध्याकाळी दप्तर उघडायचं, डायरी बघायची, गृहपाठ पुरा होईपर्यंत मूल आणि आई दोघांनीही रडकुंडीला यायचं. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचाच द्यावा, असं म्हटलेलं आहे. तरीही असंख्य घरांतली संध्याकाळ गृहपाठातच सरते.

ज्यांना शिकवणी परवडत नाही आणि घरी शाळाही भरवता येत नाही, त्यांचं काय? ते हात जोडून मोकळे होतात. ‘आम्हाला काय येतंय गुरुजी, तुम्हीच बघा,’ हे वाक्य गावोगावच्या शिक्षकांनी कितीदा तरी ऐकलं असेल. त्यात नम्रता असते, शाळेवरचा विश्वास असतो आणि स्वतःला शिक्षणाच्या बाहेर ठेवण्याची जुनी सवयही असते.

ही सवय खोट्या समजावर उभी आहे, हे करोनाने दाखवून दिलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने चालवली, मोबाइलवर रोजचा अभ्यास येऊ लागला. त्या वर्षी ‘असर’ने फोनवरून पाहणी केली, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश मुलांना घरातलं कुणी ना कुणी अभ्यासात मदत करत असल्याचं आढळलं. आईवडील दोघंही फारसे शिकलेले नाहीत अशा घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना मदत मिळत होती आणि तिथे मोठ्या ताई-दादांचा वाटा ठळक होता. शाळेच्या मोजमापात घर नव्हतं. प्रत्यक्षात ते होतंच.

माझं म्हणणं असं आहे, की घराला दुसरी शाळा करायची काहीच गरज नाही. मूल घरात, शेतात, बाजारात जे करत असतं, त्याला शब्द, आकडा आणि कागद जोडून द्यायचा. हे काम घरातलं माणूसच करू शकतं, कारण त्या क्षणी मुलाजवळ तेच असतं.

पाड्यावर गेलेली शाळा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाईंनी मादाम माँटेसरींची पद्धत जवळून अभ्यासली होती. पण माँटेसरीचं साधनसाहित्य महागडं, शहरी मध्यमवर्गाच्या बालमंदिरात शोभणारं. खेड्यातल्या, गरिबांच्या मुलांचं काय, या प्रश्नाने त्यांना १९४५ मध्ये बोर्डीला आणलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या अनुताईंनी पुढचं सगळं आयुष्य याच कामाला दिलं. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध.

बालवाडी काढली म्हणजे मुलं येतात असं नाही, हे त्यांना लवकरच कळलं. मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत होती, गुरं राखत होती. मग शाळा मुलांकडे गेली. झोपड्यांसमोरच्या अंगणात मुलं जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या आणि हाताशी असेल त्यातून शिकवायचं. खडे, शिंपले, पानं, बिया, काटक्या, हेच साहित्य. बियांचे ढीग करायचे, त्यांची वर्गवारी करायची, मोजायचं, रांगा लावायच्या. शेजारी उभी असलेली आई हे सगळं पाहत असे, हा त्यातला मोठा फायदा. यातूनच ‘अंगणवाडी’ उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं आणि ते घराघरांत पोचलं.

गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरं चरत असताना शिक्षक कुरणावर जायचे. गुरं राखणं हा शिक्षणातला अडथळा, असं त्यांनी मानलं नाही. गुरं मोजणं, वाटा ओळखणं, गवताच्या, झाडांच्या, पाखरांच्या जाती ओळखणं, हे ज्ञान मुलांकडे होतंच. त्याला धरूनच शिक्षकाला पुढे जाता येत होतं.

आज गावोगावी अंगणवाडी आहे, सेविका आहे, पोषण आहार आहे. मूळ अंगण मात्र सुटलं. आई दारापर्यंत मुलाला सोडते आणि परत फिरते.

पावकी, निमकी आणि भाजीचा हिशेब

अंगणातलं ज्ञान आणि वहीतलं ज्ञान यांच्यात केवढी दरी आहे, हे २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवलं. बॅनर्जी, दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा अभ्यास केला. अमुक ग्रॅम बटाटे आणि तमुक किलो कांदे, दोन्हींचे भाव वेगळे, नोट मोठी. ही मुलं एकूण किंमत आणि परत द्यायचे पैसे तोंडी सांगत. तीच मुलं शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलेल्या साध्या वजाबाकी-भागाकाराला अडखळत. उलट ज्यांनी बाजारात कधी काम केलं नव्हतं ती शाळकरी मुलं कागदावरची गणितं बऱ्यापैकी सोडवत, पण बाजारातल्या हिशेबात गडबडत. एकाचं गणित दुसऱ्याच्या कामी येत नव्हतं. मुलं दोन्हीकडे हुशार होती, मधला दुवा कुणी जोडलेलाच नव्हता.

मराठी घरांत हा दुवा एके काळी होता. संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हटला जाई. त्यात पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे. ही व्यापारातली, शेतसाऱ्यातली, रोजच्या मापातली अंकगणितं होती. ती घोकंपट्टी परत आणा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. परवचा म्हणण्याचं भाग्य सगळ्या जातींच्या, सगळ्या घरांतल्या मुलांना आणि मुलींना मिळत नव्हतं, हेही विसरता येत नाही. पण अपूर्णांक म्हणजे रोजच्या व्यवहारातली वस्तू आहे, हे त्या मुलांना वेगळं सांगावं लागत नसे.

आजच्या घरात ते कसं करायचं, एक उदाहरण घेऊ. आठवडे बाजारातून आई पिशवी घेऊन आली. अर्धा किलो गवार, भाव ऐंशी रुपये किलो. पाव किलो मिरची, भाव साठ. अडीच किलो कांदे, भाव तीस. दोनशेची नोट मोडली. मुलाला विचारायचं, किती परत आले असतील? ते बोटांवर, पुटपुटत, चुकतमाकत सांगेल: गवारीचे चाळीस, मिरचीचे पंधरा, कांद्याचे पंचाहत्तर, एकूण एकशे तीस, परत सत्तर. इथवर पुष्कळ घरांत घडतं. पुढची पायरी घडत नाही आणि खरी मेख तिथेच आहे. तेच मुलाला कागदावर लिहायला सांगायचं. ऐंशी भागिले दोन, साठ भागिले चार, तीस गुणिले अडीच, मग बेरीज, मग दोनशेतून वजाबाकी. आता कागदावरचा भागाकार हा कुणीतरी उगाच घातलेला प्रश्न राहत नाही. तो मघाच्या मिरचीचा हिशेब असतो. आईला लिहिता येत नसेल तरी चालतं. उत्तर बरोबर की चूक हे तिला तोंडी हिशेबावरून कळतं, लिहिणं मुलाचं.

लहान मुलांसाठी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी पुरतात. मराठीत सत्तावन्न म्हणताना आधी सात कानावर येतो आणि लिहिताना आधी पाच लिहायचा असतो. पहिली-दुसरीतल्या कित्येक मुलांचा घोटाळा इथे होतो. पाच नोटा डावीकडे, सात नाणी उजवीकडे मांडली, की कुठला आकडा कुठे बसतो ते डोळ्यांना दिसतं. गणिताची भीती घालवायला आयुष्यभर झटलेल्या डॉ. मंगला नारळीकरांनी ‘गणितगप्पा’सारख्या पुस्तकातून हाच गप्पांचा सूर लावला होता.

गोष्ट सांगणारी आजी, लिहिणारं नातवंड

भाषेच्या बाबतीत घराचं बळ आणखी मोठं आहे. मूल शाळेत येतं ते हजारो शब्द घेऊन. पण ते शब्द अहिराणी असतात, वारली असतात, मालवणी असतात, कोरकू असतात आणि पाठ्यपुस्तकात त्यांना जागा नसते. मग मूल गप्प बसतं आणि त्याला काही येत नाही असा शिक्का बसतो.

आजीला वाचता येत नसेल, पण गोष्ट येते. ती तिच्या बोलीत सांगते. तिसरी-चौथीतल्या नातवंडाने ती वहीत लिहून काढायची, जशी आजी बोलली तशीच. नंतर तिलाच वाचून दाखवायची. आजी मध्येच थांबवते, ‘असं नाही रे, आधी कोल्हा आला होता.’ मूल खोडून पुन्हा लिहितं. लेखनातली सगळ्यात अवघड गोष्ट, आपण लिहिलेलं तपासणं आणि सुधारणं, इथे आपोआप घडते, कारण वाचकाला गोष्ट माहीत आहे आणि तिला ती बरोबर हवी आहे. धाकट्या भावंडाला पुढे ही वहीच वाचायचं पुस्तक म्हणून उपयोगी पडते.

ज्या घरात थोडंफार वाचता येतं, तिथे रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं, याला पर्याय नाही. बोट ओळीखाली फिरवत वाचायचं, चित्रावर रेंगाळायचं, मध्ये थांबून पुढे काय होईल ते मुलाला सांगू द्यायचं. मराठीत यासाठी पुस्तकांची वानवा नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ हातात घेतलं, की मूल लगेच आपल्या घरातल्या माणसांबद्दल बोलू लागतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. अडचण असते ती पुस्तक घरापर्यंत पोचण्याची. शाळेच्या कपाटातली पुस्तकं फाटतील या भीतीने कुलपात राहतात. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं, एवढं मुख्याध्यापकांनी मान्य केलं तरी खूप होईल.

विज्ञानाला तर पैसेही लागत नाहीत. अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून भूमितीची खेळणी केली आणि पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या शेकडो खेळण्यांची कृती सर्वांना खुली करून दिली. नळीचे छोटे तुकडे कापून सांधे करायचे. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. त्यात एक तिरकी काडी घातली, की तोही ताठ. मग मुलाला घेऊन पत्र्याच्या शेडखाली उभं राहायचं आणि वर बघायला सांगायचं. छपराखाली लोखंडी त्रिकोणांची ओळ दिसते. ते तिथे का आहेत, हे आता मूलच सांगतं.

आई शिकते तेव्हा

यातून खरंच फरक पडतो का? रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी बिहारमधल्या पूर्णिया आणि राजस्थानातल्या अजमेर भागातल्या गावांत हे तपासून पाहिलं. काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग घेतले. काही गावांत घरी मुलांसोबत काय करावं हे आठवड्याला आयांना घरी जाऊन सांगितलं. काही ठिकाणी दोन्ही केलं. मुलांच्या गणितात थोडी, पण निश्चित सुधारणा दिसली. आया मुलांच्या शिक्षणात अधिक लक्ष घालू लागल्या, घरात शिकण्याचं साहित्य वाढलं, त्यांचं स्वतःचं शिक्षणही पुढे गेलं. थोडी सुधारणा, असं मी मुद्दाम लिहितो आहे. यात चमत्कार नाही. सवय लागायला वेळ लागतो.

महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान राबवलं गेलं. पहिलीत येऊ घातलेल्या मुलांचे मेळावे भरले, वस्तीवस्तीत आयांचे गट झाले. या गटांना घरी करायच्या कृतींची कार्डं मिळाली आणि मोबाइलवर सूचना येऊ लागल्या. भाजी निवडताना शेंगा मोजणं, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावणं, रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरं ओळखणं, अशा साध्या कृती सगळ्यांनाच जमतात. चार आया एकत्र बसल्या, की एकीला सुचलेलं दुसरीला कळतं आणि ‘मला येत नाही’ हा संकोच गळतो. माझ्या मते गटाची ताकद कार्डापेक्षा मोठी आहे. एक गोष्ट मात्र खटकते. हे सगळे गट आयांचे. बापाच्या हातातही टेप असते, वजनकाटा असतो, रिक्षाचं मीटर असतं, पेरणीचं गणित असतं. त्याला या गटाबाहेर ठेवून चालणार नाही.

ज्या घरांना कुलूप असतं

घराच्या वाट्याबद्दल बोलताना सगळ्यांच्या घरी घर असतं, असं गृहीत धरणं अन्यायाचं आहे. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडं निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मध्यरात्रीनंतर फडावर, दिवसभर तोडणी, मग गाडी भरणं. त्या आईला संध्याकाळी मुलाला गोष्ट वाचून दाखव म्हणणं ही क्रूरता होईल. मूल सोबत गेलं तर शाळा सुटते, मागे राहिलं तर आजीआजोबांवर भार. हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा यासाठीच लागतात आणि त्या सरकारने पूर्ण ताकदीने चालवल्या पाहिजेत. घराचा वाटा मोठा आहे असं म्हणताना शासनाचा वाटा तसूभरही कमी होत नाही. शिक्षक कमी आहेत, पट कमी म्हणून शाळा बंद होण्याची टांगती तलवार आहे, तेव्हा पालकांना घरी शिकवायला सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं ठरेल.

वस्त्यांमध्ये यावर मार्ग शोधणारी माणसं आहेत. पुण्याच्या कोथरूड भागातल्या लक्ष्मीनगर वस्तीत ‘पालकनीती’ परिवाराचं खेळघर कित्येक वर्षं मुलांना शाळेबाहेर खेळायला, बोलायला, वाचायला हक्काची जागा देत आलं आहे. ज्या घरात पाय पसरायला जागा नाही, तिथल्या मुलांसाठी अंगण असं वस्तीलाच पुरवावं लागतं.

पालकसभेत काय व्हावं

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे कायद्याने पालकांना शाळेत बसायला खुर्ची दिली आहे. प्रत्यक्षात त्या खुर्चीवर बसून शौचालय, कुंपण, पोषण आहाराचे ठराव होतात. ते हवेतच. पण मूल काय शिकतंय, हा विषय तिथे क्वचितच निघतो आणि मूल घरी काय शिकतंय, हा तर कधीच नाही.

पालकसभेची सुरुवात गुणपत्रिकेने होऊ नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. आधी प्रत्येक मुलाला आईवडिलांसमोर एक पान वाचू द्या, म्हणजे जौनपूरच्या पालकांसारखा गैरसमज कुणाच्या मनात राहणार नाही. शाळेच्या कपाटातलं एक पुस्तक त्याच दिवशी घरी जाऊ द्या. आणि मग शिक्षकांनी वही पुढे ओढून पालकांना विचारावं, हे मूल घरी, शेतात, दुकानात काय काय करतं? कुणी म्हणेल गुरांना पाणी पाजतं, कुणी म्हणेल गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतं, कुणी म्हणेल बाळाला झोपवताना गाणी म्हणतं. ती उत्तरं लिहून घेऊन पुढच्या आठवड्याचे गणिताचे आणि भाषेचे पाठ त्यांतूनच बेतावेत. असं झालं तर आई ‘आम्हाला काय येतंय’ म्हणून दारातून परत फिरणार नाही. तिला काय येतं, हे शाळेनेच विचारलेलं असेल.